मोठ्या मत्स्यालयाचा मोह आणि घरातील पाण्याचा हिशेब

दोन फूट लांबीच्या काचेच्या टाकीत शोभिवंत मासे नीट रुळले, की हौशी कुटुंबात काही महिन्यांतच एक प्रश्न निघतो. आता पाच फुटी टाकी घ्यावी काय? मासे वाढलेले असतात, टाकी अपुरी वाटू लागते आणि दिवाणखान्यातील मोकळी भिंत खुणावत असते. दुकानात पाहिलेली मोठी टाकी डोळ्यांसमोरून हलत नाही.

बंगळुरूत मात्र हा प्रश्न आता केवळ हौसेचा आणि खर्चाचा राहिलेला नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. त्यानंतर शेकडो लिटर पाणी घरात कायम साठवून ठेवणे आणि दर आठवड्याला त्याचा काही भाग बदलणे याचा विचार प्रत्येक घराला निराळ्या दृष्टीने करावा लागतो. नोकरीनिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकलेला नाही. पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा सोलापूर येथील घरांनाही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

२०२४ चा उन्हाळा

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. शहराला मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने उपसून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून शहरात आणले जाते. ज्या भागांत हे पाणी पोहोचत नाही, तेथील वसाहती कूपनलिका आणि टँकर यांवर अवलंबून असतात.

२०२३ मध्ये पावसाने ओढ दिली आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. मार्च २०२४ पर्यंत शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य सरकारने सांगितले. त्याच महिन्यात बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने वाहने धुणे, बागकाम, बांधकाम, कारंजी इत्यादी कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली. आदेश मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविण्यात आला. पुन्हा उल्लंघन झाल्यास दररोज ५०० रुपये जादा आकारले जाणार होते. टँकरचे दर भडकल्यामुळे जिल्हा प्रशासनाने त्यांवर मर्यादा घातली. पाच किलोमीटरच्या आत १२,००० लिटरच्या टँकरसाठी १,००० रुपये असा दर ठरला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या टप्प्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर असून शहरात नव्याने समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी तो मुख्यत्वे आखलेला आहे. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाला पिण्याच्या पाण्याच्या वापरावरील निर्बंध पुन्हा जाहीर करावे लागले. टंचाई पुन्हा येऊ शकते हे गृहीत धरूनच घरातील पाण्याचा कोणताही नवा वापर ठरविणे शहाणपणाचे आहे.

दोन टाक्या, दहापट अंतर

आपल्याकडे टाकीचे माप फुटांत सांगितले जाते. घरोघरी आढळणारी लहान टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. त्या हिशेबाने या टाकीची क्षमता ५७ लिटर होते. वरची मोकळी जागा आणि तळाची वाळू वजा केली, तर प्रत्यक्षात ५० लिटर पाणी राहते. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीची क्षमता मात्र ५६६ लिटर असते. तीत प्रत्यक्ष ५०० लिटरच्या आसपास पाणी राहते.

लांबी अडीचपट, रुंदी आणि उंची दुप्पट, आणि पाणी मात्र दहापट! दुकानात उभे राहून पाहणाऱ्याच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नाही. भिंतीवरची जागा अडीचपट वाढलेली दिसते. पाणी, वजन आणि कष्ट दहापट वाढलेले दिसत नाहीत.

मोठे पाणी माशांना का मानवते

मोठ्या टाकीची बाजू भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मासे मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. पाण्याचा सामू आणि तापमान जितके अधिक, तितका तो अधिक घातक ठरतो. फिल्टरमधील स्पंज, वाळू आणि दगड यांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारी असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते, परंतु ते साचत जाते. पाणवनस्पती त्याचा काही भाग शोषून घेतात, उरलेला भाग पाणी बदलूनच काढावा लागतो.

आता समजा, रात्री एक मासा मेला आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. ५० लिटर पाण्यात त्यातून निघालेला अमोनिया इतर माशांच्या जिवावर बेतू शकतो. ५०० लिटर पाण्यात तोच अमोनिया दहापट विरळ होतो आणि चूक सुधारण्यास वेळ मिळतो. तापमानाचेही तसेच आहे. बंगळुरूत जानेवारीच्या रात्री तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ऊन चांगलेच तापते. लहान टाकीतील पाणी लवकर गार आणि लवकर गरम होते. मोठ्या टाकीतील पाणी सावकाश बदलते आणि माशांना जुळवून घेण्यास अवधी मिळतो. नवशिक्याने छोट्या टाकीने सुरुवात करावी हा समज या दृष्टीने उलटाच आहे. छोटी टाकी सांभाळणे अधिक अवघड असते.

मात्र या लाभाला एक अट आहे. टाकी दहापट झाली म्हणून मासेही दहापट केले, तर अमोनियाही दहापट होतो आणि सारा लाभ नाहीसा होतो. मोठ्या टाकीतील मोकळी जागा डोळ्यांना रिकामी वाटते आणि दर महिन्याला चार मासे अधिक येत राहतात. मोठी टाकी घेऊनही मासे मरतात अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

दुसरी अट टाकीच्या आकाराची आहे. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यत्वे पृष्ठभागातून. वरील दोन टाक्यांत पाणी दहापट वाढले असले, तरी पृष्ठभाग दोन चौरस फुटांवरून दहा चौरस फुटांवर, म्हणजे पाचपटच गेला आहे. उंच आणि अरुंद टाकी दिसायला डौलदार असते, परंतु माशांच्या उपयोगाची नसते. पोहण्यासाठी लांबी आणि श्वासासाठी रुंदी महत्त्वाची असते.

प्रश्न टाकीचा की माशांचा?

टाकी बदलण्यापूर्वी तीत कोणते मासे आहेत, हे पाहणे आवश्यक आहे. दुकानात बहुतेक मासे दोन-तीन इंचांचे असताना विकले जातात. त्यांपैकी काही तेवढेच राहतात, काही घराला पुरून उरतात. निऑन टेट्रा जेमतेम दीड इंचाचा होतो, गप्पीही लहानच राहतो. उलट ऑस्कर मासा फुटाहून मोठा होतो. साधा गोल्डफिश आठ इंच ते एक फूट वाढू शकतो. काच साफ करण्यासाठी म्हणून घेतलेला सकर मासा दीड फुटापर्यंत जातो. ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगस आणि लाल शेपटीचा कॅटफिश निसर्गात मीटरभराहून लांब होतात. चंदेरी अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो.

मासा टाकीच्या मापाप्रमाणेच वाढतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो दिलासा देणारा असला तरी बरोबर नाही. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते ती प्रामुख्याने साचलेली घाण, अपुरा प्राणवायू आणि हालचालीस न मिळणारी जागा यांमुळे. ती प्रकृती बिघडल्याची खूण असते आणि असा मासा बहुधा अल्पायुषी ठरतो.

यावरून निर्णयाची पहिली पायरी स्पष्ट होते. टाकीत गप्पी, टेट्रा, मोली असे लहान मासे असतील आणि ते निरोगी असतील, तर पाच फुटी टाकीची त्यांना गरज नाही. गरज माणसाला वाटत असते. टाकीत ऑस्कर किंवा गोल्डफिश असतील, तर दोन फुटी टाकी त्यांच्यासाठी अन्यायाची आहे आणि बदल आवश्यक आहे. पंगस, लाल शेपटीचा कॅटफिश किंवा अरोवाना असेल, तर पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकीही कायमची पुरणार नाही. अशा वेळी टाकी वाढविण्याऐवजी मासा योग्य ठिकाणी सोपविणे हाच खरा मार्ग असतो.

बादल्यांचा हिशेब

सर्वसाधारणपणे दर आठवड्याला टाकीतील एक चतुर्थांश पाणी बदलावे, असे सांगितले जाते. मासे कमी आणि वनस्पती भरपूर असल्यास हे प्रमाण कमी करता येते. लहान टाकीत एक चतुर्थांश म्हणजे साडेबारा लिटर, जेमतेम एक बादली. मोठ्या टाकीत तेच प्रमाण १२५ लिटर, म्हणजे आठ बादल्या होते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना दरडोई दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. म्हणजे मोठी टाकी दर आठवड्याला जवळजवळ एका माणसाचे एका दिवसाचे पाणी मागते.

वर्षाचा हिशेब साडेसहा हजार लिटरचा होतो. २०२४ मध्ये ठरविलेल्या टँकरदराने त्याची किंमत सहाशे रुपयांच्या आतच भरते. पैशाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. अडचण पैशाची नाही, पाणी हाताशी असण्याची आहे. ज्या एप्रिलमध्ये सोसायटी दिवसातून दोन तासच पाणी सोडते, त्या एप्रिलमध्येही माशांचा अमोनिया थांबत नाही. उलट उकाड्यात पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि बाष्पीभवन वाढते. दहा चौरस फुटांच्या उघड्या पृष्ठभागावरून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडून जाते. टाकीवर काचेचे झाकण ठेवल्यास ते पुष्कळ वाचते.

येथे एक गोष्ट मात्र मत्स्यालयाच्या बाजूने सांगता येते. टाकीतून काढलेले पाणी वाया जाण्याचे कारण नाही. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच असते. हे पाणी गच्चीतील कुंड्यांना घातल्यास बागेसाठी निराळे पाणी लागत नाही. बागकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई असते, अशा दिवसांत तर ही सोय मोलाची ठरते. अट एवढीच, की टाकीत मीठ किंवा औषध टाकलेले असता कामा नये. असे पाणी झाडांना घालू नये. ज्या घरात कुंड्या भरपूर आहेत, तेथे मोठ्या टाकीचा पाण्याचा बोजा प्रत्यक्षात बराच हलका होतो. पाणी दोनदा वापरले जाणार असेल, तर हिशेब बदलतो.

पाणी कोठून आलेले?

बंगळुरूतील अनेक सोसायट्यांमध्ये कावेरीचे, कूपनलिकेचे आणि टँकरचे पाणी एकाच साठवण टाकीत मिसळते. त्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. कावेरीचे पाणी क्लोरीनयुक्त असते. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. काही सोसायट्यांत पाणी मृदू करण्याचे यंत्र असते. ते हे क्षार काढून त्यांच्या जागी सोडियम सोडते. माणसाला या फरकाची जाणीव केसांवरून किंवा भांड्यांवरील डागांवरून होते, माशाला मात्र ती सर्वांगाने होते. पाण्याचा सामू आणि जडपणा एकाएकी बदलला, तर मासा खचतो.

क्लोरीन घालविण्याचा जुना आणि सोपा उपाय म्हणजे पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवणे आणि त्यात हवेचा पंप चालू ठेवणे. घाई असल्यास दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरले जाते. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असू शकतो. म्हणून तेही मुरवून आणि हवा सोडूनच वापरावे. लहान टाकीसाठी एक बादली बाजूला ठेवली की काम भागते. मोठ्या टाकीसाठी किमान दीडशे लिटरचे पिंप न्हाणीघरात किंवा गच्चीत कायम ठेवावे लागते. टाकीची जागा मोजताना या पिंपाची जागा मोजली जात नाही आणि नंतर अडचण होते.

पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून टाकी भरण्याचा मार्ग काही जण सुचवितात. घरगुती यंत्रात शुद्ध पाण्यापेक्षा टाकून दिले जाणारे पाणीच बहुधा अधिक असते. टंचाईच्या शहरात तो मार्ग परवडणारा नाही. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याची चाचणी करून त्या पाण्यात सुखाने राहणारे मासे निवडणे अधिक सोपे. गप्पी, मोली आणि प्लॅटी यांना जड पाणी मानवते. डिस्कस आणि निऑन टेट्रा मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातील मृदू पाण्यातले आहेत.

साडेसातशे किलो

लहान टाकी पाणी, काच, वाळू आणि स्टँड मिळून सुमारे ऐंशी किलोंची असते, म्हणजे एका माणसाच्या वजनाएवढी. मोठ्या टाकीत पाणीच ५०० किलो, १२ मिलिमीटर जाडीची काच सुमारे १०५ किलो, वाळू व दगड ८० किलो आणि स्टँड ६० किलो धरले, तर एकूण भार साडेसातशे किलोंच्या घरात जातो. दहा प्रौढ माणसे दहा चौरस फुटांत रात्रंदिवस उभी राहिल्यासारखा हा भार आहे.

राहत्या घरातील खोल्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो इतका चल भार गृहीत धरलेला आहे. टाकीच्या खालच्या जागेवर मात्र चौरस मीटरला सुमारे आठशे किलो भार येतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही. हा भार लहान जागेवर असतो, तो आजूबाजूस विभागला जातो आणि बांधकामात सुरक्षिततेसाठी वाव ठेवलेला असतो. परंतु टाकी स्लॅबच्या मध्यभागी ठेवणे आणि तुळईला लागून भिंतीच्या कडेला ठेवणे यांत मोठा फरक आहे. जुन्या इमारतीत, गच्चीवर वाढविलेल्या खोलीत किंवा बाहेर काढलेल्या सज्ज्यात अशी टाकी ठेवू नये. इतरत्रही स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. टाकीच्या किमतीच्या मानाने त्याचे शुल्क अल्प असते.

काचेवरील दाबाचाही विचार करावा लागतो. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. लहान टाकीच्या पुढील काचेवर एकूण सुमारे २८ किलोंचा रेटा असतो, मोठ्या टाकीत तो सुमारे २८० किलो होतो. म्हणून काच जाड हवी, जोड कुशल कारागिराने केलेले हवेत आणि स्टँड पातळीत हवा. टाकीखाली थर्मोकोल किंवा फोमचा पत्रा घालतात, तो जमिनीतील बारीक उंचसखलपणामुळे काचेवर एकाच ठिकाणी ताण येऊ नये म्हणून. दोन फुटी टाकी फुटली तर जमीन पुसून घ्यावी लागते. पाच फुटी टाकी फुटली तर पाणी खालच्या घराच्या छतापर्यंत पोहोचते.

विजेचे बिल

मोठ्या टाकीच्या फिल्टरची मोटार ३० वॉटची धरली आणि ती दिवसरात्र चालली, तर महिन्याला २१ ते २२ युनिट वीज लागते. साठ वॉटचे दिवे रोज आठ तास लावल्यास आणखी १४ युनिट वाढतात. म्हणजे हीटरशिवायच महिन्याला सुमारे ३६ युनिट होतात. डिस्कससारखे उष्ण पाण्यातील मासे असतील, तर हिवाळ्यात तीनशे ते पाचशे वॉटचा हीटर लागतो. त्याचा वापर रात्रीच्या गारठ्यावर अवलंबून असतो.

कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला २०० युनिटांच्या मर्यादेत त्याच्या आधीच्या सरासरी वापरापेक्षा दहा टक्के अधिक वीज मोफत देण्याची तरतूद करण्यात आली. वापर २०० युनिटांच्या वर गेल्यास पूर्ण बिल भरावे लागते. ज्या घराचा वापर पावणेदोनशे युनिटांच्या आसपास आहे, त्या घराला टाकीचे हे ३६ युनिट मर्यादेपलीकडे नेऊ शकतात. तेव्हा माशांची वीज ३६ युनिटांची राहत नाही, साऱ्या घराच्या बिलाची होते.

वीज खंडित झाल्यावर काय करायचे, हेही आधी ठरवावे लागते. फिल्टरमधील जीवाणूंना सतत प्राणवायू लागतो. काही तास प्रवाह थांबला, तर ते मरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असणे मोठ्या टाकीच्या बाबतीत आवश्यकच समजावे.

स्थलांतर एका दिवसाचे नव्हे

नवी टाकी आणली, पाणी भरले आणि संध्याकाळी मासे सोडले, असा क्रम अनेक घरांत होतो. पुढच्या पंधरवड्यात मासे एकामागून एक मरू लागतात. टाकीत दोष नसतो. तीत अमोनिया पचविणारे जीवाणू अजून वाढलेले नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

जुनी टाकी निरोगी असेल, तर हा काळ कमी करता येतो. जुन्या टाकीतील फिल्टरचा स्पंज नव्या फिल्टरमध्ये बसवावा किंवा जुना फिल्टरच काही आठवडे नव्या टाकीत सोबतीला चालू ठेवावा. हा स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये, क्लोरीनमुळे जीवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. मासे थोडे थोडे करून हलवावेत आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आहेत, याची चाचणीसंचाने खात्री करावी. या काळात पाणी अधिक वेळा बदलावे लागते. म्हणून बंगळुरूत मार्च ते मे या महिन्यांत नवी टाकी सुरू करणे टाळावे. पावसाळ्यानंतरचे महिने त्यासाठी अधिक सोयीचे.

भाड्याचे घर आणि तलावाची वाट

नोकरीसाठी आलेली अनेक कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. दोन फुटी टाकी रिकामी करून मोटारीच्या मागच्या आसनावर ठेवता येते. पाच फुटी टाकी हलविण्यासाठी चार माणसे, टेम्पो, माशांसाठी तात्पुरती पिंपे आणि नव्या घरी पहिल्या दिवशीच ५०० लिटर पाणी लागते. उद्वाहनात ती मावेल काय, हेही पाहावे लागते. घरमालकाची आणि सोसायटीची संमती आधी घेतलेली बरी.

या अडचणींचा शेवट कधी कधी फार वाईट होतो. टाकी झेपेनाशी झाली की मासे जवळच्या तलावात सोडले जातात. सोडणाऱ्याला ते पुण्याचे काम वाटते. सकर माशासारखे कणखर परदेशी मासे मात्र तेथे तग धरतात, वाढतात आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठतात. आंध्र प्रदेश व पश्चिम बंगालमधील जलाशयांत आणि महाराष्ट्रात उजनी धरणात सकर माशांनी मच्छीमारांची जाळी फाटण्यापर्यंत वेळ आणली आहे. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात मूळचा अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा मासा सापडला होता. नको झालेला मासा दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावा. तलाव, नदी किंवा विहीर हा त्यावरील उपाय नव्हे.

मधला मार्ग

दोन फुटी आणि पाच फुटी यांच्या मध्ये चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा एक आकार आहे. त्यात सुमारे सव्वादोनशे लिटर पाणी राहते. आठवड्याला चार बादल्यांच्या आत काम भागते आणि एकूण भार साडेतीनशे ते चारशे किलोंच्या दरम्यान राहतो. दोन फुटी टाकीत दाटी झालेले गोल्डफिश किंवा लहान माशांचे मोठे थवे यांच्यासाठी हा आकार बहुतेक घरांत पुरेसा ठरतो. काही घरांत त्याचीही गरज नसते. मासे कमी करणे, पाणवनस्पती लावणे आणि चांगला फिल्टर बसविणे एवढ्यानेच जुनी टाकी सुधारते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये, तर बंगळुरूच्या कबन पार्कातील सरकारी मत्स्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. अशा मत्स्यालयांनी कित्येक पिढ्यांना माशांची ओढ लावली. तेथील मोठ्या टाक्यांमागे पंप, साठवण आणि राबणारी माणसे असतात, प्रेक्षकाला मात्र फक्त काच दिसते. घरातील मोठ्या टाकीमागे ही सारी व्यवस्था एकट्या कुटुंबाला करावी लागते.

म्हणून टाकीची मागणी नोंदविण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. सलग चार रविवार आठ बादल्या पाणी भरावे, ते चोवीस तास मुरत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी कुंड्यांना किंवा घरकामाला वापरून टाकावे. पाणी मिळाले, जागा पुरली आणि चौथ्या रविवारीही कंटाळा आला नाही, तर ते घर मोठ्या टाकीसाठी तयार आहे असे समजावे. ही परीक्षा एप्रिलमध्ये घेतली तर निकाल अधिक विश्वासाचा मिळेल. दुसऱ्याच रविवारी बादल्या जड वाटू लागल्या, तर दोन फुटी टाकीतील मासे थोडे कमी करून त्यांनाच सुखात ठेवणे हा निर्णयही तितकाच योग्य आहे.